दीपा पंजाबराव मुनेश्वर, थकबाकीदार

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

रोज वीस-पंचवीस माणसांची थुंकी, लघवी नि संडास मी तपासते. वणीतल्या याच लॅबमध्ये सतरा वर्षे झाली. कधी किळस आली नाही. डबीवर नाव नीट लिहिलेले असले की माझ्यासाठी तो फक्त नमुना असतो. आज बँकेत मात्र आली.

प्रियंकाच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज दिला होता. तिला नागपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगची जागा मिळाली आहे, फी ३० ऑगस्टपर्यंत भरायची आहे. हे ट्रकच्या वायरिंगची कामे करतात, कमाई सगळी रोख, कागद कोणताच नाही. म्हणून माझ्या पगारपत्रकावर अर्ज. आम्ही दोघी मायलेकी साहेबाच्या टेबलासमोर उभ्या होतो. त्याने बसा म्हटले नाही. टेबलाखाली पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता, तो घोटता घोटताच बोलला.

"मॅडम, तुमचं सिबिल खराब हाय. थकबाकीदार हाय तुमी. मायक्रोफायनान्सचं लोन बुडवलं तुमी, एकतीस हजार चारशे."

मागे रांग होती. रांगेतल्या दोघी माझ्याकडे रक्त तपासायला येतात.

मी म्हटले, मी आयुष्यात एक फ्रिज हप्त्याने घेतला, तोही वेळेत फेडला. तो हसला. "सगळेच असं म्हणतात न मॅडम." आणि खर्रा तोंडात टाकला.

प्रियंका जमिनीकडे पाहत होती. बाहेर आल्यावर तिने विचारले, "आई, तू खरंच घेतलं होतं का?" माझ्या पोटच्या पोरीने हे विचारले.

५ ऑगस्ट

माझा सिबिल रिपोर्ट मोबाइलवर काढला. वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. बारा पाने. वरच्या पानावर माझा जन्मदिनांक, माझा पॅन नंबर, सगळे बरोबर. नाव 'दीपा पंजाबराव मुनेश्वर'. लग्नानंतर आधार बदलले, दीपा धम्मरत्न पाझारे झाले, पण पॅनवरचे माहेरचे नाव बदलायचे राहून गेले होते. पत्तासुद्धा माहेरचा, बोरी अरबचाच.

सातव्या पानावर ते खाते. मार्च २०२१ मध्ये पस्तीस हजार उचललेले. चार हप्ते आले, मग बंद. मार्च २०२४ ला बुडीत म्हणून लिहून टाकलेले. कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव छापलेले आहे. ते या वहीत लिहायचीही मला किळस येते. 'ती कंपनी' एवढेच लिहीन.

आमच्याकडे एका दिवशी दोन सुनीता आल्या तर डबीवर वय, गाव नि पर्चीचा नंबर टाकतो. एकीची शुगर दुसरीच्या कागदावर गेली तर डॉक्टर मॅडम मला उभ्या उभ्या काढतील, आणि काढायलाच पाहिजे. या लोकांना कोण काढते?

६ ऑगस्ट

रिपोर्ट ठेवणाऱ्या मुंबईच्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकली. 'हे खाते माझे नाही' असा एक चौकोन असतो, त्यावर खूण केली. तक्रार क्रमांक आला. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणे. मला त्यांचे शंभर रुपये नकोत. मला माझे नाव धुतलेले पाहिजे.

मार्च २०२१ मध्ये मी कुठून कर्ज घेणार होते? ते वर्ष स्वॅब घेण्यातच गेले. जेवायला फुरसत नव्हती. बाबांचे फोन यायचे, एकेका दिवशी सात-आठ. तेही उचलत नव्हते मी. कामात होते, आणि तसेही त्या घराशी माझा संबंध आई गेली तेव्हाच संपला.

१० ऑगस्ट, रविवार

आज सकाळी उठल्या उठल्या घरात भांडण झाले. हे म्हणतात, पैसे भरून टाकू.

"एकतीस हजारासाठी पोरीची जागा घालवतं का? मी कोणाकडून तरी घेतो उसने."

"भरले म्हणजे कबूल केलं की मी बुडवले होते. आणि भरून डाग जात नाही, 'तडजोड केली' असं लिहितात. मी वाचलं आहे."

"तुले वाचून वाचून सगळंच कळते."

मग हळूच म्हणाले, "बोरीले एकदा विचारून पाहावं का? पत्ता तिथला हाय."

मी म्हटले, त्या गावाचे नाव या घरात काढायचे नाही. आई जाऊन आठ महिने झाले नव्हते, बासष्ट वर्षांच्या माणसाने पंचवीस वर्षांनी लहान बाई आणून घरात बसवली. महागावकडची, नवऱ्याने टाकलेली. आणि तिचे नाव काय तर दीपा. बापाने लेकीच्या नावाची बायको केली म्हणून गावभर हसले लोक. २०१८ पासून मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही.

हे यवतमाळला ट्रकच्या सेल्फ-स्टार्टरचे सामान आणायला जायचे आहे म्हणून सकाळीच निघून गेले. संध्याकाळी आले तर सामानाबरोबर तुरीची डाळ, घरी भरडलेली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. विचारले कुठून आणली, तर म्हणाले रस्त्यात एक बाई विकत होती. डाळ चांगली आहे.

१४ ऑगस्ट

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. वणीतच एक दुकान आहे, पाटीवर 'सिबिल सुधारून मिळेल'. मी गेले. मला माहीत होते की हे असे होत नसते. तरी गेले. गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक माणूस खुर्चीत लोळून बसला होता. म्हणाला, पन्नास दिवसांत स्कोअर साडेसातशे करून देतो ताई, आमची वर ओळख आहे. दोन हजार आगाऊ घेतले. मग माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी नंबर मागितला. तेव्हा अक्कल आली. उठले. दोन हजार परत मागितले तर म्हणाला, ती फाइल उघडायची फी होती.

शिकलीसवरलेली बाई मी. त्याच्यापेक्षा माझीच जास्त किळस आली. घरी सांगितलेले नाही.

२१ ऑगस्ट

काही नाही. त्या कंपनीच्या नंबरवर रोज फोन लावते. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे गोड आवाजात सांगतात आणि वीस मिनिटे गाणे ऐकवतात. आज माणूस भेटला. म्हणाला, "मॅडम, भरून टाका ना, एवढी काय रक्कम आहे." मी म्हटले, अर्जाची प्रत पाठवा, माझी सही दाखवा. म्हणाला, मेल करा. केला. तिसरा मेल आहे.

प्रियंकाने कॉलेजला स्वतः फोन करून मुदत मागितली. १२ सप्टेंबरपर्यंत दिली. शेवटची, असे बजावून. पोरगी माझ्याशी नीट बोलते, पण विचारल्याशिवाय बोलत नाही.

२७ ऑगस्ट

दोन गोष्टी आल्या.

सकाळी मुंबईचा मेसेज: कर्ज देणाऱ्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे, आपला आक्षेप कायम असल्यास पुरावा जोडावा. म्हणजे चोरालाच विचारले, चोरी केली का, तो नाही म्हणाला, झाले.

दुपारी त्या कंपनीचा मेल, सोबत अर्जाची प्रत. लॅबमध्ये होते. हातमोजे काढून उघडली.

माझ्या पॅन कार्डाची झेरॉक्स. लग्नाच्या आधीची, दोन वेण्या घातलेली मी. आणि अर्जावर चिकटवलेला फोटो दुसऱ्याच बाईचा. नाव दीपा पंजाबराव मुनेश्वर, राहणार बोरी अरब. पॅन नंबर माझा. खाली वेडीवाकडी सही.

मी तिला फक्त एकदा पाहिले होते, तेही लांबून. पण ओळखले.

पोरीच्या नावापुढे बापाचे नाव लागते, बायकोच्या नावापुढे नवऱ्याचे. आमच्या दोघींच्या नावापुढे एकच माणूस.

२८ ऑगस्ट

झोप नाही. मला समजायला पाहिजे होते. आईचे घर घेतले, आईची भांडी घेतली, आता माझे कार्ड. जुन्या पेटीत राहिले असेल, तिने शोधून काढले असेल. पैसे उचलले, उडवले, आणि बुडवले माझ्या नावावर. पोलिसांत जाणार. डॉक्टर मॅडमनाही सांगितले, त्या म्हणाल्या आधी तिचे लेखी घे, पोलिसांत गेलीस तर वर्ष जाईल.

यांना सांगितले तर एकदम म्हणाले, "तशी नाई हो ते."

"तुम्हाला काय माहीत ती कशी आहे?"

"नाई. मी आपला म्हटलं."

नवऱ्याने अशा वेळी दुसऱ्या बाईची बाजू घ्यावी.

३१ ऑगस्ट, रविवार. बोरी अरब

सकाळी सहाच्या एसटीने यवतमाळ, तिथून दारव्ह्याच्या गाडीने बोरी. हे सोबत आले. सगळे लिहून ठेवते, पुरावा म्हणून लागेल.

घर तेच. दाराला निळा रंग नवा. बाबासाहेबांच्या फोटोखाली आईचाही फोटो लावलेला, काचेवर धूळ नव्हती. हे मी मुद्दाम पाहिले, धूळ सापडेल म्हणून. दारातला कुत्रा माझ्यावर भुंकला. यांच्यावर भुंकला नाही.

बाबा खाटेवर होते. एवढेसे झाले आहेत. "जयभीम," मी म्हटले. ते म्हणाले, "बाई, तू आली?" आणि उठून बसू लागले.

ती आतून आली. मी कागद तिच्यापुढे धरला. घोकून आणलेले सगळे बोलले, चोर म्हणाले. शेजारची बाई भिंतीवरून पाहत होती, तरी आवाज कमी केला नाही. ती उभीच होती. माझे संपल्यावर म्हणाली, "झालं? बस आता. उभ्यानं बोलली तं पाय दुखतीन."

आत गेली, एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यातून एक पिवळे कार्ड.

"हे वाच. मले धड वाचता येत नाई, पण मोजता येते."

कर्जाचे कार्ड होते. चोवीस चौकोन, चोवीस तारखा, प्रत्येकापुढे एकच सही: पियुष. शेवटचा हप्ता मार्च २०२३.

"चोवीसच्या चोवीस भरले म्या. निंदणाले गेली, कापूस वेचला, भरले. तो पियुष साहेब दर महिन्याले गटाच्या मीटिंगले ये, पैसे घे, सही करे. मंग एक दिवस आलाच नाई. दुसरा साहेब आला, म्हणे सगळं मिटलं तुमचं. मले वाटलं मिटलं."

"आणि माझं कार्ड?"

बाबा बोलले.

"म्या देलं, बाई. तो साहेब म्हणे पॅन कार्ड पाह्यजे. हिच्यापाशी नोतं. पेटीत दीपाच्या नावाचं होतं, काढून देलं. फोटो तुया हाय हे मले दिसलं. म्या सांगतलं त्याले. तो म्हणे, बाबा, नाव एकच हाय न, चालते."

चालते. या एका शब्दावर हा देश चालतो.

मी विचारले, कर्ज कशाला काढले होते. तिने बाबांकडे पाहिले, बाबांनी भिंतीकडे. बाबांचा हर्निया अडकला होता. यवतमाळच्या खासगी दवाखान्यात तीन दिवसांत ऑपरेशन करावे लागले, सरकारी दवाखाना तेव्हा कोविडने भरलेला. "तुले फोन लावले त्याईनं," ती म्हणाली. ठपका ठेवल्यासारखी नाही, तारीख सांगितल्यासारखी. "मंग म्या गटातून उचलले."

मी म्हटले, मी कामात होते. ते खरेच आहे. लॅबसमोर रांगा होत्या, कोणालाही विचारावे.

चहा आला. यांचा बिनसाखरेचा, न विचारता. हिला कसे कळले यांना शुगर आहे ते? बाबांनी सांगितले असेल.

मी चहा घेतला नाही. कार्डाचे फोटो काढले. तिला म्हटले, उद्या दारव्ह्याला कंपनीच्या ऑफिसात यायचे आणि लिहून द्यायचे की हे कर्ज माझे आहे, हिचे नाही. ती म्हणाली, "येतो न. मायंच हाय ते, त्यात काय."

मला वाटले होते ती नाही म्हणेल. त्यापुढचे सगळे मी तयार करून आणले होते, ते तसेच राहिले.

१ सप्टेंबर, दारव्हा

काल यवतमाळला यांच्या मित्राकडे मुक्काम केला. सकाळी दारव्हा.

त्या कंपनीचे ऑफिस एका दुकानाच्या वर. जिन्याच्या दोन्ही कोपऱ्यांत खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, इतक्या जुन्या की भिंतीला पोपडे आले होते. ती पदर सावरून भिंतीला न लागता चढली. वर भिंतीवर एका हसणाऱ्या बाईचे पोस्टर, तिच्या हातात नोटा.

मॅनेजर तिशीचा, इस्त्री केलेला. कार्ड उलटसुलट पाहिले. "या सह्या कंपनीच्या नाहीत. त्या मुलाने वैयक्तिक केल्या आहेत. त्याला आम्ही काढलं. सिस्टीमला चारच हप्ते आहेत."

"कार्ड तुमच्या कंपनीचं आहे. शिक्का तुमचा आहे," मी म्हटले.

"कार्ड म्हणजे पावती नाही, मॅडम."

"मंग दर महिन्याले हात पुढं करत होता तो कोणाचा माणूस होता?" तिने विचारले. मॅनेजर तिच्याशी बोलतच नव्हता, फक्त माझ्याशी बोलत होता, कारण माझ्या खांद्याला पर्स होती.

मग म्हणाला, तुमचा पॅन चुकून लागला हे मान्य, तो काढता येईल. या बाईने कर्ज आपले आहे असे लिहून द्यावे. मी कागद लिहिला, तिने सही केली. सही करायच्या आधी तिने एकदाच विचारले, "याच्यानं प्रियंकाचं काम होईल न?" प्रियंकाचे नाव तिला माहीत होते.

शिक्का मारून पोच घेतली. जिना उतरताना मला हलके वाटत होते. काम झाले होते.

५ सप्टेंबर

आज तीस दिवस पूर्ण. रिपोर्ट तसाच. मुंबईवाले म्हणतात दारव्ह्याहून आले नाही, दारव्हावाले म्हणतात हेड ऑफिसला पाठवले, हेड ऑफिस गाणे ऐकवते.

लॅबमध्ये आज एका म्हातारीच्या थुंकीत टीबी निघाला. तिला सांगितले, औषधाने बरे होते. ती म्हणाली, बरं झालं कळलं. असे सोपे असते काही काही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जागा गेली.

साडेपाचला कॉलेजची खिडकी बंद झाली. तीन वाजेपर्यंत मी बँकेत होते. तोच साहेब. त्याला दारव्ह्याची पोच दाखवली. म्हणाला, "हे कागद ठीक हाय मॅडम, पण सिस्टीममंधी जोवर हिरवं होत नाई तोवर मी काय करू." यांनी चाळीस हजार उसने आणले होते, पहिल्या हप्त्याला पंच्याऐंशी लागत होते.

प्रियंका रडली नाही. कॉलेजसाठी आणलेली नवी बॅग तिने माळ्यावर टाकली आणि म्हणाली, तिसऱ्या फेरीत यवतमाळला मिळेल कुठेतरी. मग मला विचारले, "आबांच्या ऑपरेशनचं तुला खरंच माहीत नव्हतं?"

मी म्हटले, नव्हते.

ऑपरेशनचे नव्हते माहीत. फोन माहीत होते. त्यांतला एक मी उचलला होता, पलीकडे बाईचा आवाज आला म्हणून ठेवून दिला. हे मी पोरीला सांगितले नाही. वहीत लिहून ठेवते.

१६ सप्टेंबर

दुरुस्त झाले. एकेचाळिसाव्या दिवशी. सातव्या पानावर ते खाते नाही. स्कोअर सातशे एकोणसत्तर. चार दिवस आधी झाले असते तर.

माफीचा एक शब्द नाही. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे. आपला अनुभव कसा वाटला? पाच ताऱ्यांपैकी किती द्याल?'

२३ सप्टेंबर

खात्यात अकराशे रुपये जमा. वरच्या अकरा दिवसांचे, दिवसाला शंभर. प्रियंकाच्या नागपूरच्या जागेची ही किंमत. चलनातल्या नोटा नाहीत, नुसता मेसेज, तरी हात धुवावेसे वाटले.

तिला यवतमाळला जागा मिळाली, तिसऱ्या फेरीत. कॉलेज नवे आहे, फी जास्त आहे, दवाखाना लहान आहे. बँकेने कर्ज मंजूर केले. साहेबाने आज खुर्ची दिली. मी उभीच राहिले.

२५ सप्टेंबर

बाबांचा फोन. उचलला.

त्या कंपनीची दोन माणसे परवा बोरीला आली होती. माझ्या नावावरून खाते काढले ते नीट त्या बाईच्या आधारवर चढवले, एकतीस हजार चारशे अधिक व्याज. तिने लिहूनच दिले आहे ना, कर्ज माझे आहे म्हणून. दारात मोटारसायकल लावून, शेजारच्यांना ऐकू जाईल असे बोलले. गटातल्या बायांनी तिला मीटिंगला बसू दिले नाही. शिलाई मशीनसाठी तिने बचत गटातून अर्ज केला होता, तोही परत आला. "काई मागासाठी नाई फोन केला," बाबा म्हणाले. "सांगून ठेवलं फक्त."

तो कागद मी लिहिला होता. 'हे कर्ज माझे आहे' एवढेच लिहिले. 'आणि ते मी पूर्ण फेडले आहे' हे लिहिले नाही. मॅनेजरने सांगितले नाही आणि मला सुचले नाही. सुचले नाही की नको वाटले, हे आज दिवसभर स्लाइड पाहताना शोधत होते.

संध्याकाळी यांनी आपणहून सांगितले. हे दर दोन-तीन महिन्यांनी बोरीला जातात. ऑपरेशनच्या वेळचे यांनाही माहीत नव्हते, त्यानंतर एकदा दारव्ह्याला कामाला गेले असता बाबा रस्त्यात भेटले, तेव्हापासून. डाळ तिथलीच. प्रियंकाच्या निकालाचे पेढेही यांनीच नेऊन दिले होते.

"मला काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू जाऊ देलं असतं का?"

राग आला. पण कोणावर करावा ते नीट ठरेना.

२८ सप्टेंबर, रविवार. बोरी अरब

एकटीच गेले. प्रियंकाही येते म्हणत होती, पण तिचे कॉलेजचे कागद जमवायचे होते.

अंगणात त्या, दुसऱ्या दीपाबाई, सोयाबीन वाळत घालत होत्या. मला पाहून पाण्याचा तांब्या आणला. मी सांगितले, तुमची तक्रार टाकायची आहे. आधी कंपनीकडे आणि मुंबईच्या रिपोर्टवाल्यांकडे, तिकडे ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चोवीस सह्यांचे कार्ड आहे, गटातल्या दोन बायांची साक्ष पाहिजे.

"त्या देतीन का?" मी विचारले. "मीटिंगला तर बसू दिलं नाही तुम्हाला."

"हंसाबाई देईल. तिचेबी खाल्ले त्या पियुषनं सहा हप्ते. लाजेनं बोलत नाई."

हंसाबाई बंजारा तांड्यावरची. दोघी जाऊन तिला घेऊन आलो. तिने आपले कार्डही आणले, ओढणीत गुंडाळून. तिच्या कार्डावर तीच सही. ती म्हणाली, अजून चौघींचे असेच आहे, कोणी कोणाला सांगत नाही, ज्याला त्याला वाटते आपलेच चुकले. मला पुन्हा बँकेतली तीच किळस आली. एक पोरगा मोटारसायकलवरून येऊन बायांच्या निंदणाचे पैसे महिनोन्‌महिने खिशात घालतो, आणि कंपनी म्हणते कार्ड म्हणजे पावती नाही.

मी अर्ज लिहायला बसले. 'मी, दीपा पंजाबराव मुनेश्वर, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, अर्ज करते की मी घेतलेल्या कर्जाचे चोवीस हप्ते मी पूर्ण फेडले आहेत.' वाचून दाखवला. बाबा खाटेवरून म्हणाले, "बराबर हाय." मग दीपाबाईंनी सही केली, 'दिपा', पहिली वेलांटी ऱ्हस्व. मी दुरुस्त करायला पेन उचलले आणि ठेवून दिले. सही ज्याची त्याची असते.

मग कार्डाचे फोटो जोडले, त्यांच्या मोबाइलवर आलेला नंबर टाकला, मुंबईला तक्रार पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आले. 'दीपा पंजाबराव मुनेश्वर या नावाची तक्रार १६ सप्टेंबर रोजी निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेबद्दल आपले समाधान झाले असेल अशी आशा आहे.'

मी ते मोठ्याने वाचले. हंसाबाईला आधी कळले नाही. कळल्यावर तिने तिच्या बोलीत एक शिवी दिली, तिचा अर्थ मी विचारला नाही.

"मंग आता?" दीपाबाईंनी विचारले.

"आता पुन्हा. पहिल्या ओळीपासून."

त्यांनी सोयाबीनचे पोते बाजूला सारून मला उजेडात जागा करून दिली. मी नवा कागद घेतला. या वेळी त्यांचा आधार नंबर वरच टाकला, जन्मवर्ष टाकले, आणि नावापुढे, पुन्हा कोणाचा घोळ होऊ नये म्हणून, लिहिले: पंजाबराव मुनेश्वर यांची पत्नी.

बाबांनी विचारले, "काय लिहिलं, बाई?"

मी वाचून दाखवले. अर्ज गेला.